अल्टरनेटर गेला: कंपनीचा घ्यावा, बाजारातला घ्यावा की जुनाच दुरुस्त करावा?

गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी चार्ज करणारा भाग, गेला की कोल्हापुरात तीन वाटा असतात: शोरूममधून कंपनीचा मागवणे, दुकानातून दुसऱ्या मेकचा नवा घेणे, किंवा शिवाजी उद्यमनगरात जुनाच खोलून दुरुस्त करून घेणे. मधली वाट स्वस्त आणि झटपट वाटते, पण सर्वाधिक पारख तिथेच करावी लागते.

बाजारातला अल्टरनेटर बाहेरून हुबेहूब दिसतो. फरक असतो तो आतल्या डायोड प्लेटमध्ये (ही एसी करंटचा डीसी करते), व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरमध्ये आणि बेअरिंगमध्ये. हलका डायोड तापून शॉर्ट झाला, तर इंजिन बंद असतानाही बॅटरीतला करंट अल्टरनेटरमधून वाहत राहतो, सकाळी बॅटरी उतरलेली मिळते आणि दोष नसताना बॅटरीच बदलली जाते. रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज 15 च्या वर गेले, तर बॅटरीतले पाणी आटते आणि बल्ब वरचेवर उडतात. मूळचा 90 अँपिअरचा असताना 70 चा बसवला, तर एरवी काही जाणवत नाही. मात्र जुलैच्या पावसात रात्री गगनबावड्याकडे जाताना हेडलाइट, वायपर, ब्लोअर आणि डिफॉगर एकदम चालू असले, की कमी पडणारा करंट बॅटरीतून ओढला जातो. काही डिझेल गाड्यांना एका दिशेने मोकळी फिरणारी पुली असते. तिच्या जागी साधी पुली आली, तर बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर लवकर झिजतात.

कंपनीचा भाग महाग पडतो, पण अँपिअर, प्लग आणि पुली जुळतात. ज्या नव्या गाड्यांत चार्जिंगचे नियंत्रण इंजिनच्या संगणकाकडे असते, त्यांच्यासाठी मी तोच सुचवेन.

जुन्या, साध्या गाडीत केवळ कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) झिजले असतील किंवा बेअरिंग वाजत असेल, तर मूळ अल्टरनेटर दुरुस्त करणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेची गुंडाळी, जळाले असेल, तर मात्र हे गणित बदलते.

बाजारातलाच घ्यायचे ठरले, तर जुन्या आणि नव्या दोन्हींवरचे अँपिअर ताडून पाहावेत आणि नवा तपासून होईपर्यंत जुना दुकानदाराच्या हवाली करू नये. साध्या चार्जिंगच्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले पाहिजेत. मग सर्व दिवे लावून मल्टिमीटर एसी व्होल्टवर फिरवावा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला, तर डायोड सदोष समजून तो अल्टरनेटर तिथल्या तिथे परत करावा.