मांद्रेच्या किनाऱ्यावर मी अकरा हजारांचा खडा घेतला

गोव्यातल्या मांद्रे किनाऱ्यावरच्या एका ‘नक्षत्र-साधना’ शिबिरात माझे साडेतेरा हजार गेले. सांगायला लाज वाटते, पण डिचोली-साखळीतले ओळखीचे आणखी चारजण जायच्या तयारीत आहेत म्हणून लिहितो.

शिबिर माघातल्या अमावास्येला ठरलं होतं. ‘योग जुळत नाही’ म्हणून दोन दिवस पुढे ढकललं. तेव्हा मला वाटलं, शिबिर घेणारा माणूस काटेकोर दिसतो. शुल्क अडीच हजार. वाळूवर गोल करून बसवलं, मोबाइल टोपलीत जमा केले. आकाशाची त्याला जाण होती, हे नाकारणार नाही. मृगातला तांबूस काक्षी, कृत्तिकांचा झुबका, व्याध... आज दिसणारा व्याधाचा प्रकाश साडेआठ वर्षांपूर्वी निघालाय, हे त्याने असं सांगितलं की अंगावर काटा आला. तिथेच थांबला असता तर अडीच हजार वसूल होते.

पावणेआठच्या सुमारास शंख फुंकून म्हणाला, ‘आता मार्गदर्शक तारा बोलावतो.’ दोनेक मिनिटांत समुद्राच्या बाजूने एक ठळक प्रकाश वर आला. लुकलुक नाही, आवाज नाही. डोक्यावरून पूर्वेकडे सरकला. त्याने मूठ मिटली आणि तारा भर आकाशात विझला! शेजारची बाई रडायला लागली. मीही हात जोडले. त्याच भरात ‘ताऱ्यावरून आलेला उल्कापाषाण’ अकरा हजारांना घेतला. क्यूआर कोड स्कॅन करण्यापुरते मोबाइल परत मिळाले होते.

भाच्याने सगळं ऐकून त्या संध्याकाळची वेळ काढून दाखवली. तो ‘तारा’ म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. सुमारे ४०० किमी उंचीवरून दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं. आपल्याकडे अंधार पडला तरी त्याच्यावर ऊन असतं, म्हणून चमकतं. पृथ्वीच्या सावलीत शिरलं की दिसेनासं होतं. कुठून, किती वाजता जाणार हे नासा आधीच सांगते. मूठ कधी मिटायची, तेही त्यातच आलं.

खड्याला लोहचुंबक धड चिकटेना. उल्कापाषाणात बहुधा लोह-निकेल असतं, तो चुंबक ओढतो. मग घरात उरलेल्या टाइलच्या खडबडीत पाठीवर खडा घासला, तर कावेसारखी लाल रेघ उमटली. आईने लांबूनच ओळखलं, ‘अरे, हे आपलंच खनिज!’ हेमॅटाइट, म्हणजे लोहखनिज. २०१२ मध्ये खाणी बंद होईपर्यंत बाबा ट्रक भरून हेच न्यायचे आणि अंगणातल्या तुळशीवर याचीच धूळ बसायची.

सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावर फोन केला तोवर १२ दिवस उलटले होते. तक्रार नोंदली गेली, पण पैसे पाठवताना त्याच्या सांगण्यावरून मीच ‘स्वखुशीची दक्षिणा’ असं लिहून बसलो होतो. पैसे अजून आलेले नाहीत.

पुढचं शिबिर हरमलला आहे. त्याचीही तारीख कालच एक दिवस पुढे गेली, ‘योगा’साठी. तो योग किती वाजता उगवणार, ते भाच्याने शोधून ठेवलंय.