एमटीएक्ससोबत आठ महिने: रोबोटचा हात माझा, डोकंही माझंच

आमच्या छोट्या व्हिडिओ स्टुडिओत सेकंडहँड घेतलेला एलटीओ-६ ऑटोलोडर आहे, म्हणजे डेटा साठवायच्या टेपा आपोआप बदलणारं मशीन. टेप वाचणारा-लिहिणारा एक ड्राइव्ह, टेपा ठेवायचे २४ स्लॉट, एका टेपवर कॉम्प्रेशनशिवाय २.५ टीबी. बॅकअपच्या तयार सॉफ्टवेअरचं लायसन्स मशीनपेक्षा महाग पडत होतं, म्हणून टेपा हलवायचे हुकूम देणारं लिनक्सवरचं फुकटचं एमटीएक्स धरलं. आता आठ महिने झाले.

पहिला आठवडा एकाच गोंधळात गेला. बाहेरून डबा एक दिसतो, पण लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी उपकरणं असतात: ड्राइव्ह एक आणि टेपा उचलणारा रोबोट दुसरा. एमटीएक्स फक्त रोबोटशी बोलतं. टेप पुढेमागे करणं, ड्राइव्हमधून सोडवणं हे 'एमटी' या वेगळ्या कमांडचं खातं. 'लोड ७ ०' म्हटलं की सातव्या स्लॉटातली टेप शून्य नंबरच्या ड्राइव्हमध्ये जाते. स्लॉट एकपासून मोजायचे आणि ड्राइव्ह शून्यापासून, हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे!

या दोन खात्यांचा खरा हिसका रात्री बसला. स्क्रिप्टने टेप भरली, मग 'अनलोड' दिलं, आणि रोबोट हललाच नाही. सकाळी लॉगमध्ये 'इललीगल रिक्वेस्ट' आणि खाली सेन्स कोड (काय अडलं ते सांगणारा मशीनचा आकडा) ५३, आणि त्याचा पोट-आकडा म्हणजे क्वालिफायर ०२. अर्थ एवढाच की ड्राइव्हने टेप धरून ठेवली होती, काढायची मनाई होती. आधी 'एमटी ऑफलाइन' द्यायचं, टेप गुंडाळून बाहेर येऊ द्यायची, मग अनलोड. काही मशीन हे आपसूक करतात म्हणे. आमचं करत नाही. उलट्या बाजूलाही तेच: लोड झाल्या झाल्या लिहायला गेलं की ड्राइव्ह 'तयार नाही' म्हणतो, म्हणून एमटीच्या स्टेटसमध्ये ऑनलाइन दिसेपर्यंत स्क्रिप्टला थांबवतो.

सेन्स कोडना घाबरू नका. ३बी, ०ई म्हणजे ज्या स्लॉटातून उचलायचं तो रिकामा, ३बी, ०डी म्हणजे जिथे ठेवायचं तिथे आधीच टेप आहे. हे दोन पाठ झाले की निम्मी डोकेदुखी संपते.

माझ्या स्वतःच्या मूर्खपणाचं एक प्रकरण. मी सुरुवातीला ड्राइव्हच्या 'एसटी०' या नावावर लिहीत होतो. ते डिव्हाइस बंद होताच टेप मुळापर्यंत गुंडाळतं. त्यामुळे दुसऱ्या प्रोजेक्टचा टार (फाइलींचा एकत्र बांधलेला गठ्ठा) पहिल्याच्या डोक्यावर बसला. मूळ फुटेज हार्डडिस्कवर होतं म्हणून वाचलो. त्याच ड्राइव्हचं 'एनएसटी०' हे नाव वापरा, त्यातला 'एन' न गुंडाळण्याचा आहे. यात एमटीएक्सचा काही दोष नाही, पण नवख्याला दोन्हीतला फरक कोण सांगणार?

एक बाहेरची डिस्क जोडून मशीन रीबूट केलं आणि लिनक्सने रोबोटला दिलेलं नाव 'एसजी३' वरून 'एसजी४' झालं. तेव्हापासून स्क्रिप्टमध्ये 'बाय-आयडी'चा कायमचा पत्ता आहे.

बारकोडचं मात्र कौतुक. 'स्टेटस' दिलं की प्रत्येक स्लॉटपुढे टेपचं लेबल येतं, शेवटी एल६. कुणी हाताने मॅगझिन (टेपांचा खण) बाहेर काढून टेपा हलवल्या तर 'इन्व्हेंटरी' देऊन रोबोटला सगळं पुन्हा वाचायला लावतो. पण त्या टेपवर काय आहे, हे एमटीएक्सला ठाऊक नसतं. ते त्याचं कामच नाही. आमच्याकडे साधी स्प्रेडशीट आहे: लेबल, प्रोजेक्ट, तारीख, टेपवरची कितवी फाइल. हे ठेवायचा कंटाळा असेल तर बॅक्युलासारखं बॅकअपचं सॉफ्टवेअर घ्या, तेही रोबोट हलवायला आतून सहसा एमटीएक्सच वापरतं.

सोबत येणारं, ड्राइव्हची तब्येत सांगणारं 'टेपइन्फो' मला एमटीएक्सइतकंच आवडतं. त्यात टेपअलर्ट २० हा इशारा दिसला की ड्राइव्ह साफ करायची वेळ झाली. मग क्लीनिंग टेपचा स्लॉट लोड करायचा. ड्राइव्ह काम संपवून ती टेप स्वतःच सोडतो, तिथे 'ऑफलाइन' लागत नाही.

ऑप्टिकल डिस्क आपोआप बदलणारे ज्यूकबॉक्सही यानेच चालतात, आणि दोन्ही बाजू असलेली डिस्क उलटी घालायला 'इन्व्हर्ट' आहे. आमच्याकडे तसलं मशीन नाही, त्यामुळे तो शब्द मी फक्त मॅन पेजमध्येच (कमांडच्या मदतपानात) पाहिलाय.

बदलायचं झालंच तर एकच: दोन स्क्रिप्ट एकाच वेळी रोबोटला हुकूम देऊ लागल्या तर एमटीएक्स अडवत नाही. मी 'एफलॉक' ही कुलूप घालणारी कमांड लावून एकीला दाराबाहेर उभं करतो. गेल्या आठवड्यात तेही विसरलो होतो, ३बी, ०डी परत आलं.