साऊंडप्रूफ खिडकी: एक लोहगावात सुखोईखाली, दुसरी सोलापुरात होटगी रोडला

पाचपैकी तीन स्टार. साडेतीन देता आले असते तर दिले असते.

आधी सांगतो, एक नाही दोन खिडक्या घेतल्यात. आमच्या दादाचा फ्लॅट पुण्याला लोहगावात आणि माझं घर इथं सोलापुरात होटगी रोडला, म्हणजे दोघंही विमानतळाच्या शेजारी. एमआयडीसीतला एक फॅब्रिकेटर म्हणाला दोन्हीकडची ऑर्डर एकदम द्या, ९५० रुपये स्क्वेअर फुटानं लावून देतो, आणि पुण्याच्या कोटेशनपेक्षा ते टेम्पोचं भाडं धरूनसुद्धा स्वस्त पडत होतं म्हणून दिली. त्याचं नाव लिहीत नाही, कारण शेवटी त्यानं काम निस्तरून दिलं, पण मधे काय काय झालं ते लिहिणार.

लोहगाव ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पुण्याचं विमानतळ मुळात हवाई दलाचं, इंग्रजांच्या काळातलं, १९३९ पासूनचं. आपली प्रवासी विमानं त्यांच्याच रनवेवर उतरतात. २००२ ला सुखोई-३० एमकेआय हे लढाऊ विमान हवाई दलात आलं तेच मुळी या तळावर. दादानं फ्लॅट बघितला रविवारी, सगळं शांत, बाल्कनीत वारा, बिल्डर चहा पाजतोय, टोकन देऊन मोकळा. सोमवारी कळलं.

मी पहिल्यांदा तिथं राहिलो तेव्हा मला वाटलं बाहेर टँकर उलटला. एक गेलं, हुश्श करतोय तोवर त्याच्या जोडीचं दुसरं. प्रवासी विमानाचं तसं नसतं, त्याच्या इंजिनाचा पुढचा मोठा पंखा भरपूर हवा गरम झोताच्या बाहेरून सोडतो, ती तुलनेनं हळू जाते म्हणून आवाज दबतो. लढाऊ विमानाला पाहिजे वेग, तिथं ही बाहेरची हवा कमी, सगळा जोर आतल्या झोतावर, आणि आफ्टरबर्नर लावला की त्याच झोतात परत इंधन पेटवतात. सुखोईला अशी इंजिनं दोन. माझी पुतणी साडेतीन वर्षांची, दुपारी ती झोपली की वहिनी दाराची बेलसुद्धा बंद करून ठेवते, आणि मग वरनं हे येतं. पोरगी रडायच्या आधी दोन्ही हात कानावर नेते, सवय झालीय तिला. फोनवर बोलताना वहिनी मधेच "थांबा भावजी" म्हणते आणि मीपण इकडं सोलापुरात गप्प बसून राहतो.

नियम बघायला गेलं तर रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. जागतिक आरोग्य संघटनेनं तर २०१८ ला युरोपसाठी सांगितलं की विमानांचा आवाज सरासरी ४५ च्या खाली आणि रात्री ४० च्या खाली पाहिजे, नाहीतर झोप आणि तब्येत दोन्हीवर परिणाम. पण ही झाली सरासरी. पोरगी सरासरीनं उठत नाही, एका दणक्यानं उठते.

आता खिडकी. यूपीव्हीसी म्हणजे कडक प्लॅस्टिकची फ्रेम, डबल काच, एक ६ एमएमची आणि दुसरी लॅमिनेटेड, म्हणजे मधे प्लॅस्टिकचा थर असलेली. दोन्ही काचा सारख्या जाडीच्या घेऊ नका, दोन्ही एकाच आवाजाला थरथरतात आणि पैसे पाण्यात. फॅब्रिकेटर साहेबांनी पहिल्यांदा आणली स्लायडिंग. मी म्हटलं अहो ठरलं होतं ओपनेबल, दारासारखी उघडणारी, स्लायडिंगला खाली तो केसाळ ब्रश असतो, हवा येते तिथनं आवाजपण येतो. तर म्हणे "काय फरक पडत नाही ओ मालक, लै लोकं हेच बसवलालेत." परत पाठवली. तीन आठवडे गेले. ओपनेबलला हँडल फिरवलं की चारी बाजूनं रबर दाबून बसतं, कानात दडा बसल्यासारखं होतं, तीच खूण.

बसवून झाल्यावर दादाकडं रात्री तरी आवाज तसाच! वहिनीनं हात फिरवून फिरवून शोधलं, एसीच्या पाइपाभोवतीच्या भोकात मिस्त्रीनं वर्तमानपत्र कोंबून वरनं पांढरं सिलिकॉन फासलं होतं. एवढ्या हजारांची काच आणि भोकात पेपर. फोनवर भांडलो, मग माणूस पाठवून नीट भरून दिलं, वेगळे पैसे घेतले नाहीत हे खरं.

त्यानंतरचा अनुभव असा की शिट्टीसारखा, कान फाडणारा जो भाग असतो तो बराच गेलाय, टीव्हीचा आवाज वाढवावा लागत नाही. पण गडगडाट येतोच, तो भिंतीतून, स्लॅबमधून येतो, छातीत कळतो. कॅटलॉगमध्ये मोठ्या अक्षरात जो डेसिबलचा आकडा असतो ना, त्याचा हिशोब १०० हर्ट्झपासून वरच धरतात, त्याच्या खालचा गडगडाट त्यात येतच नाही. त्याच्या शेजारी सीटीआर म्हणून, जड घुमणाऱ्या आवाजांसाठीचा, एक छोटा, बहुतेक वेळा मायनसमधला आकडा असतो, तो मोठ्यात मिळवायचा, म्हणजे मायनस असेल तर मोठा तेवढा कमी होतो. गंमत म्हणजे तो सीटीआर ज्या आवाजांसाठी लावायचा त्या यादीत दुरून जाणारं जेट आणि डिस्को म्युझिक एकत्र आहेत. म्हणजे लांबून जाणारं सुखोई आणि आपल्याकडचा मिरवणुकीतला डीजे एकाच माळेचे मणी. फॅब्रिकेटरला विचारलं तर त्याला सीटीआर म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, कंपनीकडनं टेस्ट रिपोर्ट मागवायला लावला.

माझ्या होटगी रोडच्या खिडकीबद्दल काय सांगू. विमानांच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी पडली २०२३ ला, २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरमध्ये मुंबईचं, आणि दादाचे हाल बघून मी घाबरून आधीच ऑर्डर देऊन बसलो. गोव्याचं तर पंख्याचं एटीआर, चहा पिता पिता जातं, पोरं गच्चीत पळत बघायला जातात. खिडकीचा खरा उपयोग मिरवणुकीत आणि गड्ड्याच्या जत्रेतल्या शोभेच्या दारूला, तेही ठोका आत येतोच, गाणं कुठलं ते फक्त कळत नाही. आणि मे महिन्यात लाईट गेली की ४३ डिग्रीत कुणाच्या बापाची साऊंडप्रूफ, सताड उघडी.

सुखोईखाली राहत असाल तर घ्या, पण फक्त झोपायच्या खोलीला, ओपनेबल, आणि बसवताना मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून. सोलापूरकरांनो, विमानाच्या भीतीनं घेऊ नका.

दादाच्या शोकेसची सरकती काच अजून वाजते. तिला वहिनीनं कागदाची घडी लावलीय, ती फुकटात चालते.