ऑक्टोबर, भयपट आणि गप्पा: ‘शडर’ या चित्रपट-सेवेचे परीक्षण

अमेरिकेत सप्टेंबर सरत आला की ३१ ऑक्टोबरच्या ‘हॅलोविन’ या भुताखेतांच्या सणासाठी दुकानांत भोपळे, प्लास्टिकचे सांगाडे आणि खोटी कोळिष्टके दिसू लागतात, आणि त्याच सुमारास जवळजवळ प्रत्येक चित्रपट-सेवा आपल्या पहिल्या पानावर ‘हॅलोविन विशेष’ अशी एक पट्टी लावते. त्या पट्टीत तेच ते नावाजलेले भयपट असतात आणि नोव्हेंबर उजाडला की त्यांची जागा नाताळचे चित्रपट घेतात. ‘शडर’चा कारभार निराळा आहे. एएमसी नेटवर्क्स या कंपनीने २०१५ मध्ये चाचणी स्वरूपात सुरू केलेली आणि पुढच्या वर्षी सर्वांसाठी खुली केलेली ही सेवा बाराही महिने केवळ भय, थरार आणि अतिमानवी कथाच दाखवते; २०२० मध्ये तिच्या वर्गणीदारांनी दहा लाखांचा टप्पा ओलांडला. न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मित्रमंडळींचा ऑक्टोबर गेली काही वर्षे या सेवेच्या आधाराने साजरा होतो, आणि तिच्याविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले फारसे माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हे परीक्षण.

नुसती चित्रपटांची संख्या मोजायची झाली, तर मोठ्या सेवांच्या साठ्यापुढे शडरचा साठा लहानच आहे. तिचे बळ निवडीत आहे, आणि त्याहून अधिक चित्रपटाभोवती होणाऱ्या बोलण्यात आहे. भयपट संपला की माणसाला बोलावेसे वाटते: आपण नेमके कुठे दचकलो, दिग्दर्शकाने कुठे चकवले, शेवट पटला की नाही. विनोदी चित्रपट पाहून माणूस सरळ झोपी जातो. भयपट पाहिल्यावर मात्र दिवा मालवण्याआधी कुणाशी तरी चार शब्द बोलल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. ही गरज ओळखून चालवलेली दुसरी सेवा माझ्या पाहण्यात नाही.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे ‘द लास्ट ड्राइव्ह-इन’ हा कार्यक्रम. जो बॉब ब्रिग्ज या नावाने ओळखले जाणारे जॉन ब्लूम हे मूळचे टेक्सासचे पत्रकार. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसच्या एका वृत्तपत्रात त्यांनी या नावाने कमी खर्चाच्या, समीक्षकांनी वाळीत टाकलेल्या चित्रपटांवर लिहायला सुरुवात केली आणि पुढे दूरचित्रवाणीवर असेच चित्रपट सादर करण्यात अनेक वर्षे घालवली. शडरने त्यांना निरोपाचा एक दीर्घ कार्यक्रम करण्यासाठी बोलावले. १३ जुलै २०१८ रोजी, म्हणजे पाश्चात्त्यांत अशुभ मानल्या जाणाऱ्या तेराव्या तारखेच्या शुक्रवारी, सलग तेरा चित्रपटांचा तो कार्यक्रम सुरू झाला आणि चोवीस तासांहून अधिक काळ चालला. प्रेक्षकांची एवढी झुंबड उडाली की सेवेची यंत्रणा कोलमडली आणि अनेकांना आत शिरताच आले नाही. निरोपाच्या त्या कार्यक्रमाचे २०१९ पासून नियमित मालिकेत रूपांतर झाले.

या कार्यक्रमाची मांडणी अगदी साधी आहे. जुन्या फिरत्या घराच्या देखाव्यात खुर्ची टाकून ब्रिग्ज बसतात. पायांत काउबॉय बूट, गळ्यात चामडी दोरीचा टाय. ते चित्रपट सुरू करून देतात आणि मग अधूनमधून तो थांबवून बोलतात: पैसा कुणी लावला, चित्रीकरण कुठे अडले, ही नटी नंतर कुठे गेली, सेन्सॉरने काय कापले. चित्रपट मध्येच थांबवणे हे एरवी मलाही सहन होत नाही. इथे मात्र तो खंड हवासा वाटतो, कारण बोलणाऱ्याचा व्यासंग खरा आहे आणि ज्या चित्रपटाविषयी तो बोलतो त्याला तो कधीच हलका लेखत नाही. शिवाय ‘डार्सी द मेल गर्ल’ ही त्यांची सहकारी प्रेक्षकांची पत्रे घेऊन येते आणि आपल्या आवडत्या चित्रपटासाठी त्यांच्याशी हिरिरीने भांडते. दोन जाणकारांचे असे प्रामाणिक मतभेद ऐकत चित्रपट पाहणे हे एक प्रकारचे शिक्षणच आहे.

२०१९ च्या ऑक्टोबरमधल्या विशेष भागात त्यांनी ‘हॅलोविन’ याच नावाच्या भयपट-मालिकेतला पहिला, चौथा आणि पाचवा चित्रपट एका रात्रीत सादर केला. जॉन कार्पेंटर यांचा १९७८ चा मूळ चित्रपट कितीही वेळा पाहिलेला असला, तरी त्यामागची हकिकत ठाऊक असली की तो वेगळा दिसू लागतो. कथा इलिनॉयमधल्या शरद ऋतूत घडते, पण चित्रीकरण झाले कॅलिफोर्नियात, वसंतात. म्हणून रंगवलेली पाने रस्त्यावर पसरायची, दृश्य झाले की गोळा करायची आणि पुढच्या दृश्यासाठी पुन्हा पसरायची, असा उद्योग चमूला करावा लागला. खुन्याचा तो पांढराफटक मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ-मालिकेतल्या कॅप्टन कर्कच्या चेहऱ्याचा, दुकानात मिळणारा मुखवटा रंगवून केलेला. हे कळल्यावर भीती कमी होत नाही. उलट एवढ्या तुटपुंज्या साधनांतून ती कशी उभी राहिली याचे नवल वाटून आपण पडद्याकडे अधिक निरखून पाहू लागतो.

हा कार्यक्रम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार शुक्रवारी रात्री नऊला सर्वांना एकाच वेळी दिसतो आणि नंतर सवडीनेही पाहता येतो. मी आग्रहाने सांगेन की तो ठरलेल्या वेळीच पाहावा. त्या वेळी स्वतःला ‘म्युटंट फॅम’ म्हणवणारे हजारो प्रेक्षक समाजमाध्यमांवर क्षणाक्षणाला लिहीत असतात, आणि एरवी अशा ठिकाणी जी कडवट भाषा वाचावी लागते तिचा तिथे बराच अभाव असतो. आमच्या गटातली एक मैत्रीण कॅलिफोर्नियात असते. तिच्याकडे तेव्हा जेमतेम सहा वाजलेले असतात, त्यामुळे ती पडदे ओढून घेऊन बसते.

आता चित्रपटांविषयी. मराठी प्रेक्षकाने या सेवेत पहिल्यांदा काय पाहावे असे कुणी विचारले, तर मी इंडोनेशियाच्या जोको अन्वर यांचे नाव घेईन. त्यांच्या ‘इम्पेटिगोर’ (२०१९) या चित्रपटातली तरुणी वडिलोपार्जित घर आपल्या नावावर होईल या आशेने मैत्रिणीला घेऊन आडरानातल्या मूळ गावी जाते, आणि गावाला मात्र तिची वाट वेगळ्याच कारणासाठी पाहायची असते. जुने मोठे घर, हक्क सांगायला कुणी उरलेले नाही, गावकरी धड बोलत नाहीत आणि परतही जाऊ देत नाहीत: हे सारे आपल्याकडच्या वाड्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला परके वाटत नाही. त्यात सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या कलावंताचे कथानक गुंफलेले आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी दिव्यापुढे हलताना पाहिल्या आहेत, त्यांना या चित्रपटातली कातड्याची गोष्ट इतरांपेक्षा अधिक बोचेल. इंडोनेशियाने हा चित्रपट ऑस्करसाठी आपली अधिकृत प्रवेशिका म्हणून पाठवला होता, हेही सांगायला हवे, कारण भयपटाला असा मान क्वचित मिळतो.

दुसरा चित्रपट ‘होस्ट’ (२०२०). टाळेबंदीत घरोघरी अडकलेले मित्र संगणकावरच्या व्हिडिओ भेटीत गंमत म्हणून आत्म्याला पाचारण करतात, एवढीच कथा; लांबी तासाभराचीसुद्धा नाही. दिग्दर्शक रॉब सॅव्हेज यांनी तो टाळेबंदीतच दुरून दिग्दर्शित केला आणि कलाकारांनी आपापल्या घरी कॅमेरा व प्रकाशयोजना स्वतः सांभाळली. त्यात एक मुलगी खोलीत कुणी आहे का हे पाहण्यासाठी जमिनीवर पीठ उधळते आणि पिठात पाऊल उमटते. आमच्या गटात या दृश्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी दुसऱ्या कशावरही झाली नसेल. मैत्रिणीच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो, त्या वेळी शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, हे आपल्याकडचंच आहे की. माणूस गेला त्या जागी दिवा लावून पीठ पसरतात, वर टोपली पालथी घालतात आणि सकाळी कुणाची पावलं उमटली ते बघतात.” गेलेला जीव कोणत्या योनीत गेला हे ओळखण्याची ती रीत. मग आजोबा गेले तेव्हा पिठात पक्ष्याचे पाय दिसले होते, इथपासून ते या रीतीत भीती अधिक की माया, इथपर्यंत गप्पा रंगल्या आणि चित्रपट पुन्हा सुरू करायला बराच उशीर झाला. एका इंग्रजी चित्रपटातल्या मूठभर पिठाने आम्हाला एवढे बोलते केले, यातच त्या निवडीचे यश आहे.

माहितीपटांपैकी ‘हॉरर नॉइर’ (२०१९) अवश्य पाहावा. अमेरिकन भयपटांनी कृष्णवर्णीय माणसे कशी रंगवली, कधी राक्षस म्हणून, कधी सर्वांत आधी मारायचे पात्र म्हणून, आणि कृष्णवर्णीय कलाकारांनी व दिग्दर्शकांनी पुढे भयपट हा चित्रपट-प्रकार आपल्या हाती कसा घेतला, याची ही मांडणी अत्यंत नेटकी आहे. २०२२ मधली, गाजलेल्या भीतिदायक दृश्यांवरची आठ भागांची मालिकाही रंजक आहे. मात्र तिच्यात अनेक चित्रपटांचे गुपित उघड होते, म्हणून ती शेवटी पाहावी.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. बाहेरून हक्क घेऊन दाखवलेले चित्रपट ठरावीक मुदतीनंतर निघून जातात, त्यामुळे एखादा चित्रपट आज दिसला म्हणून पुढच्या ऑक्टोबरसाठी राखून ठेवण्यात अर्थ नाही. परभाषेतल्या चित्रपटांना इंग्रजी उपशीर्षके असतात. ज्या ज्येष्ठांना ती वेगाने वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी कुणीतरी शेजारी बसून सांगावे लागते. रक्तपात आणि लैंगिक हिंसा यांचे प्रमाण काही चित्रपटांत फार आहे, तेव्हा घरात मुले असतील तर ही सेवा त्यांच्या हाती देऊ नये. ब्रिग्ज प्रत्येक चित्रपटाआधी मुडद्यांची आणि नग्न दृश्यांची जी मोजणी वाचून दाखवतात, ती त्यांच्या जुन्या स्तंभाची परंपरा असली, तरी मला ती खटकते आणि आमच्या गटातल्या बहुतेक स्त्रियांनाही खटकते. त्यांच्या अभ्यासाला अशा कुबडीची गरज नाही.

हॅलोविनच्या दिवसांत सेवेवर दोन खास गोष्टी असतात. एक म्हणजे ‘घूल लॉग’: कोरलेल्या भोपळ्यातला दिवा तासन्‌तास पडद्यावर तेवत राहतो, नाताळात शेकोटी दाखवतात त्याच धर्तीवर. पाहुणे जमत असताना तो लावून ठेवावा. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी आली होती. दारात आकाशकंदील, पायरीवर भोपळा आणि आत पडद्यावर हा दिवा, असे तिन्ही उजेड आमच्याकडे एकाच संध्याकाळी होते आणि चकली खात खात चित्रपटाची निवड चालली होती. दुसरी गोष्ट म्हणजे सेवेचे चित्रपट-निवडकार सॅम्युअल झिमरमन यांनी ऑक्टोबरमधल्या शुक्रवारी ठरावीक वेळ दूरध्वनीवर उपलब्ध राहून, फोन करणाऱ्याची आवड ऐकून घेऊन चित्रपट सुचवण्याचा चालवलेला उपक्रम. निवड करणारा माणूस स्वतः फोन उचलतो, ही गोष्ट आजच्या काळात मला फार मोलाची वाटते.

वर्षभराची वर्गणी सर्वांनाच परवडेल किंवा आवश्यक वाटेल असे नाही. भयपटांची ओढ केवळ हंगामापुरती असेल, तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका महिन्याची वर्गणी घ्यावी, पहिल्या शनिवारी ‘होस्ट’पासून सुरुवात करावी कारण तो छोटा आहे आणि त्यानंतर बोलायला भरपूर वेळ उरतो, पुढच्या शनिवारी ‘इम्पेटिगोर’ पाहावा, आणि ब्रिग्ज यांचा हॅलोविन विशेष भाग ज्या शुक्रवारी असेल तो मोकळा ठेवावा. किमान दोन माणसे तरी जमवावीत आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल असे पाहावे.