इमूचं तेल, हिरवा ठिपका आणि माझे ४७,२५९ रुपये

आकडा आधीच लिहून टाकते, कारण घरी आणि माहेरी मी तो आजवर कमी करूनच सांगितलाय. केसांसाठीच्या इमूच्या तेलाची पहिली बाटली १,४९९. सहा महिन्यांचा ‘कोर्स’ ८,४००. तालुका वितरक होण्यासाठी अनामत ३५,०००. माल पोचवायचे आणि ‘फाइल चार्ज’चे मिळून २,३६०. एकूण ४७,२५९ रुपये. आणि हे पैसे घेणारा माणूस आजही वेगळ्या नंबरवरून, वेगळ्या नावाच्या ग्रुपमध्ये तेच तेल विकतोय.

मी कुणाच्याही बोलण्याला भुलणारी बाई नाही. घरातला एक-एक पैशाचा हिशेब मी ठेवते, लॉटरी लागल्याचे फोन आले तर तिथेच ठेवून देते. पण डेंग्यूतून उठले आणि काही आठवड्यांनी केस पुंजक्यांनी हातात यायला लागले. वेणी बोटाएवढी राहिली. अशा वेळी भिशीतली ओळखीची बाई स्वतःचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवते, बाटलीबरोबर पक्कं बिल देते, पैसे बाटली हातात पडल्यावर द्या म्हणते. कुणी काय संशय घ्यावा? (तिलाही तो वितरक करूनच मोकळा झाला होता, हे मला फार उशिरा कळलं.)

इमूचं तेल ही थाप नाही, म्हणून तर ही फसवणूक पचते. इमू हा ऑस्ट्रेलियाचा, न उडणारा मोठा पक्षी. त्याच्या चरबीचं तेल तिथले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या अंगाला लावत आलेत. त्यात ओलिक आम्ल भरपूर असतं, कोरडी कातडी त्याने मऊ पडते. इथपर्यंत खरं. त्यापुढचं ‘मुळापासून नवे केस’, ‘वांग जातात’, ‘इसब कायमचा बरा’ हे माणसांवरच्या धड चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. टक्कल किंवा अकाली पिकलेले केस बरे करतो असा दावा औषधाच्या नावाने करायलाच आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. मला हे तेव्हा कोण सांगणार होतं?

आणि माझे केस आले! तिसरी बाटली संपेपर्यंत कपाळाच्या कडेला बारीक लव दिसायला लागली. मी तेल विकणाऱ्या त्या माणसाला फोन करून आभार मानले. नंतर त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस गळतात, त्याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात, आणि बहुतेकांचे ते पुढच्या काही महिन्यांत आपले आपण परत येतात. काही न लावताही. या लोकांना हे पक्कं माहीत असतं. ताप, बाळंतपण, ऑपरेशन यातून उठलेल्या बायकाच ते हेरतात, आणि कोर्स नेमका सहा महिन्यांचा ठेवतात. ज्यांचे केस नुकतेच गळायला लागलेत त्यांनी एवढं तरी करा: आधी डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी या कोर्सपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

आभाराच्या त्याच फोनवर त्याने वितरकाचं काढलं. ‘ताई, तुमचे केसच तुमची जाहिरात.’ अनामत ३५,०००, तेवढ्याच किमतीचा माल, न खपलेला परत घेणार. मी अनामत भरली. खोकं आलं. आणि स्टेटसला टाकायला बाटलीचा फोटो काढताना मला तो हिरवा ठिपका दिसला.

हा क्षण मला अजून झोपू देत नाही. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. पक्ष्याच्या चरबीच्या तेलावर हिरवा ठिपका! तेल खरं असेल तर ठिपका खोटा, आणि ठिपका खरा असेल तर आत इमूचा थेंबही नाही. दोन्ही एकदम खरं असणं शक्यच नव्हतं. मी त्याला विचारलं, अगदी तेव्हाच विचारलं. तो म्हणाला, ‘छापखान्याची चूक झाली ताई, पुढच्या लॉटला तपकिरी येणार.’ त्या वेळी वाहतुकीचे आणि फाइलचे २,३६० द्यायचे बाकी होते, आणि अनामत कशी परत घ्यायची याचा मी विचार करायला हवा होता. पण माल घरात आला होता, भिशीत सांगून झालं होतं, सासूबाईंना ‘मी धंदा सुरू करतेय’ म्हणून झालं होतं. माझ्या जागी कुणीही असतं तर हेच उत्तर खरं मानलं असतं. मी २,३६० पाठवले.

त्याच थंडीत शेजारच्या फळीवरचं खोबरेल दगड झालं आणि हे तेल पाण्यासारखं पातळ. यावर त्याचं म्हणणं: ‘गोठत नाही हीच शुद्धतेची खूण.’ साफ उलटं आहे. खरं इमूचं तेल गारठ्यात गढूळ होतं, दाटतं. शेवटी रसायनशास्त्र शिकलेल्या भाच्याने कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याचं साबणीकरण मूल्य, म्हणजे तेलाचा साबण व्हायला किती अल्कली लागते तो आकडा, काढलं. इमूच्या चरबीच्या तेलाचं ते १९०च्या आसपास असायला हवं. याचं आलं २१. म्हणजे बहुतांश खनिज तेल, लिक्विड पॅराफिन, वर अत्तर. जाऊबाईंच्या हाताच्या इसबावर मीच ते लावायला दिलं होतं. हात कोपरापर्यंत लाल झाला. त्यांनी मला एका शब्दाने बोललं नाही, त्याचंच जास्त लागतं.

लेबलावर जीएसटी क्रमांक ठळक होता. जीएसटी क्रमांक म्हणजे बनवण्याचा परवाना नव्हे! सौंदर्यप्रसाधनावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि घटकांची यादी लागते. यातलं एक जरी नसेल तर बाटली परत करा.

आणि ‘आमच्या स्वतःच्या फार्मचे पक्षी’ हा व्हिडिओ! २०१२ मध्ये तमिळनाडूत पेरुंदुराईची इमू कंपनी बुडाली तेव्हा पिल्लं पाळायला घेऊन दरमहा पैसे मिळतील या आशेवर बसलेले हजारो लोक रस्त्यावर आले. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनीही शेड बांधून हात पोळून घेतलेत. तेव्हाचं आमिषही हेच होतं: मांस, अंडी, कातडं आणि सोन्याच्या भावाचं तेल. पक्षी कुणी विकत घेईना, पण तेलाची गोष्ट मात्र विकली जातेच आहे.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, ‘मॅडम, पैसे तुम्हीच पाठवलेत ना?’ मग, ‘माल मिळालाय, म्हणजे हा दिवाणी मामला.’ मी प्रयोगशाळेचा कागद पुढे केला, तो न वाचता परत दिला. सायबरवाल्यांनी ठाण्यात पाठवलं, ठाण्याने सायबरकडे. बँकेने सांगितलं, पिन तुम्ही टाकला, आम्ही काही करू शकत नाही. सौंदर्यप्रसाधनं तपासणाऱ्या कार्यालयात साहेब जागेवर नव्हते. भेटले तेव्हा म्हणाले, उत्पादक परराज्यातला, तिकडे लिहा. तिकडे लिहिलं. पोचसुद्धा नाही. एका टेबलावर तर कारकून हसत म्हणाला, ‘केस तर आलेत की तुमचे.’ माझे पैसे लुटणारा एक, आणि मला वेड्यात काढणारे हे सगळे पगारी! फसवणूक हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, हे मी त्यांना सांगायचं? तक्रार घेत नसतील तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येतो, हेही मला कुणी सांगितलं नाही. मी शोधून काढलं आणि पाठवला.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षं. पण वकिलाने तिथे सांगितलेली गोष्ट नीट लक्षात ठेवा: पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाला तुम्ही ग्राहकच ठरत नाही. म्हणजे माझे १,४९९ आणि ८,४०० मागता येतात, ३५,००० नाही. वितरक करण्यामागे त्यांचा हाच फायदा. ग्राहक असता तोवर कायदा तुमच्या बाजूला, वितरक झालात की तुम्ही त्यांच्यातलेच. २०२१च्या थेट विक्रीच्या (दुकानाशिवाय, वितरकांमार्फत माल विकण्याच्या) नियमांनुसार सामील व्हायला प्रवेश फी घेता येत नाही. म्हणून हे ‘अनामत’ म्हणतात.

भिशीतल्या बायकांना मी विकलेल्या बाटल्यांचे ९,६०० रुपये परत केलेत. त्यातल्या दोघी अजून बोलत नाहीत.

पैसे जाऊन काही तासच झाले असतील तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, मग बाकीचं. यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्याचा बँकेचा व्यवहार क्रमांक) जपा. ग्रुपमधून रागाने बाहेर पडू नका, चॅट आधी एक्सपोर्ट करून घ्या. मी तावातावाने बाहेर पडले आणि त्याने अलीकडचे व्हॉइस मेसेज सर्वांसाठी पुसून मला ब्लॉक केलं. आणि एक तरी बाटली सीलबंद ठेवा. फोडलेली बाटली पुरावा म्हणून कुणी हातात घेत नाही.