इस्राएल म्युझियम, जेरुसलेम: मृत समुद्राच्या गुंडाळ्या बघाच, पण लोखंडासाठी वेळ राखून ठेवा

आपल्याकडून जेरुसलेमला जाणाऱ्या यात्रांच्या कार्यक्रमात इस्राएल म्युझियम असतं, पण कसं? बसमधून उतरायचं, मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचा, म्हणजे बायबलच्या जुन्या हस्तलिखितांचा, पांढरा घुमट बघायचा, बाहेरच्या अंगणात यहुद्यांच्या दुसऱ्या मंदिराच्या काळातल्या जेरुसलेम शहराचं १:५० मापाचं मॉडेल आहे त्याच्यापुढे फोटो काढायचे आणि परत बसमध्ये. आमच्या टूरवाल्यांनीही तेच केलं. पुरातत्त्व विभागाबद्दल विचारलं तर गाइड म्हणाला, "आत जुनी भांडीकुंडी आहेत, उशीर होईल." मला ते पटलं नाही. सहल संपल्यावर आम्ही नवराबायको थोडे मागे राहिलो, स्वतःचं तिकीट काढलं आणि सकाळी दार उघडताच आत शिरलो. त्यासाठी खर्च केलेला प्रत्येक पैसा वसूल झाला.

आधी सांगतो, माझी नजर कुठली ते. नोकरी सगळी पुण्याजवळच्या एका फोर्जिंग कारखान्यात, हीट ट्रीटमेंट खात्यात गेली. मूळ आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. घरात रोज संध्याकाळी शास्त्रवाचन, म्हणजे बायबलचं वाचन, व्हायचं आणि त्यात लोखंडाचा उल्लेख आला की माझे कान टवकारायचे. मिसर देशाला (इजिप्तला) तिथे लोखंडाची भट्टी म्हटलं आहे: देवाने तुम्हांला त्या भट्टीतून बाहेर काढलं. मे महिन्यात फर्नेसचं दार उघडल्यावर समोर उभा राहिलेला माणूस हे वचन वाचून पुढे जाऊ शकत नाही.

म्युझियममध्ये मला सर्वांत जास्त वेळ ज्या एका वस्तूने धरून ठेवलं ती म्हणजे वेरेद यरीहोची तलवार. यरीहोच्या दक्षिणेला १९८० च्या दशकात उत्खननात सापडली. काळ इ.स.पू. सातव्या शतकाची अखेर, म्हणजे यहूदाच्या राज्याचा राजा योशीया आणि यिर्मया संदेष्टा यांचा. लांबी एक मीटरच्या थोडी वर, पातं चांगलं चार बोटं रुंद, दोन्ही बाजूंनी धार. त्या मुलखात त्या काळातली एवढी लांब तलवार मिळणं ही फार दुर्मीळ गोष्ट. मृत समुद्राच्या आसपास पाऊस जवळजवळ नाहीच, नाहीतर लोखंडाची वस्तू अडीच हजार वर्षं जमिनीत टिकते कुठे? काशाची भांडी टिकतात, मडकी टिकतात. लोखंडाची माती होते. म्हणूनच दालनात लोखंडाचे तुकडे कमी आणि बहुतेक गंजून फुगलेले दिसतात. ते बघून पुढे सरकू नका.

या तलवारीचं पातं तपासलं तेव्हा ते मुद्दाम पोलाद केलेलं निघालं. हे माझ्यासारख्याला किती मोठं वाटतं, ते थोडं उलगडून सांगतो. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. कोळशाच्या आणि भात्याच्या त्या काळच्या भट्टीत तेवढी उष्णता होत नव्हती. त्यामुळे खनिजातून लोखंडाचा रस निघत नसे, कीट, म्हणजे खनिजातला मळ, मिसळलेला एक भोकाभोकांचा गोळा निघत असे. तो लाल असतानाच ठोकून ठोकून त्यातला कीट बाहेर काढायचा, मग लोखंड मिळायचं. तेही नरम! चांगल्या काशापेक्षा नरम. त्याला कोळशात तापत ठेवून कार्बन मुरवला तर त्याचं पोलाद होतं, आणि त्या पोलादाला बरोबर वेळी पाणी दिलं, म्हणजे तापलेलं असताना एकदम पाण्यात बुडवलं, तर ते धार धरतं. पाणी देऊन सोडून दिलं तर ठिसूळ राहतं, म्हणून परत थोडं तापवायचं. उत्तर गालीलातल्या अदीर डोंगरावरच्या गढीत एक कुदळ सापडली आहे, इ.स.पू. अकराव्या शतकातली. तिच्यात हे तिन्ही टप्पे झालेले आहेत. आम्ही हार्डनिंग आणि टेम्परिंगचे तक्ते भिंतीवर लावून, उष्णता मोजणारा पायरोमीटर बघून जे करायचो, ते कुणीतरी तापलेल्या लोखंडाचा रंग बघून करत होतं. मी त्या लोहाराला मनोमन हात जोडले.

लढाईपेक्षा मला शेतीच्या लोखंडाची ओढ जास्त. बायबलच्या पहिल्या शमुवेल या पुस्तकात एक उतारा आहे, लहान पण फार बोलका. शौल राजाच्या राज्यात इस्राएलात लोहारच नव्हता, कारण शेजारचे शत्रू पलिष्टी म्हणायचे की या लोकांना तलवारी आणि भाले करू द्यायचे नाहीत. मग फाळ, कुदळ, कुऱ्हाड पाजवायला शेतकऱ्याने पलिष्ट्यांकडे उतरून जायचं आणि फाळासाठी एक पीम मोजायचा. लढाईच्या दिवशी तलवार कोणाकडे? फक्त शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्याकडे. या पीमाची दगडी वजनं सापडली आहेत, वर अक्षरं कोरलेली, साधारण पावणेआठ ग्रॅमची. म्युझियममध्ये यहूदाच्या वजनांचा संच आहे, तिथे जरा वाकून बघा. नाणी अजून यायची होती, चांदी तोलून द्यायची. एक फाळ पाजवून घ्यायला पावणेआठ ग्रॅम चांदी! पेरणीच्या तोंडावर लोहारापुढे रांगेत बसलेला शेतकरी मी गावी पाहिला आहे. त्या रांगेचा मालकच शत्रू असेल तर राज्य टिकणार कसं, हे त्या वजनापुढे उभं राहिल्यावर मला नीट कळलं.

तिथेच हिने आठवण करून दिली. "अहो, अलीशा संदेष्ट्याच्या गोष्टीतली कुऱ्हाड?" यार्देन नदीच्या काठी लाकूड तोडताना एकाच्या कुऱ्हाडीचं पातं नदीत पडतं आणि तो ओरडतो, गुरुजी, ती उसनी आणलेली होती! सगळे लोक पातं पाण्यावर तरंगलं त्या चमत्काराबद्दल बोलतात. मला त्या माणसाचा जीव कासावीस झालेला दिसतो, कारण ते लोखंड भरून देण्याची त्याची ऐपत नव्हती.

पलिष्ट्यांचा धिप्पाड योद्धा गल्याथ, त्याचंही असंच. चिलखत काशाचं, शिरस्त्राण काशाचं, पण भाल्याचं पातं लोखंडाचं, सहाशे शेकेल, म्हणजे सात किलोच्या जवळपास. नवी धातू सर्वांत आधी टोकाला येते. कुठल्याही कारखान्यात महागडं स्टील आधी टूलच्या टोकालाच लागतं.

रोमन काळाच्या भागात गेलात तर मन घट्ट करून जा. जेरुसलेमच्या गिवात हामिवतार भागात १९६८ साली एका थडग्यात क्रुसावर मारलेल्या यहोहानान नावाच्या माणसाची अस्थिपेटी सापडली. त्याच्या टाचेच्या हाडात साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा तसाच रुतलेला होता. इथे त्या हाडाची प्रतिकृती आहे. खिळ्याचं टोक वाकलेलं आहे, त्यामुळे तो उपसता आला नाही आणि हाडासकट पुरला गेला. आम्ही शुभ शुक्रवारी दरवर्षी खिळ्यांबद्दल ऐकतो, गातो. एवढा जाड, चौकोनी, हातोड्याने ठोकून घडवलेला खिळा डोळ्यांपुढे आल्यावर ही बाकावर जाऊन बसली. मीही काही बोललो नाही.

यानंतर एक गोष्ट शोधून बघावी, ती म्हणजे तेल अराद इथल्या देवळाचा गाभारा. योहानान अहारोनी यांनी १९६० च्या दशकात तो उकरला आणि त्याचे धूपाचे दगड, उभा स्तंभ इथे आणून मांडले आहेत. पण त्या देवळाची होमाची वेदी मूळ जागीच आहे. आमचे यजमान बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ अलिबागकडचे, आता दिमोनाला राहतात, घरात मराठीच बोलतात. ते म्हणाले, "वेदी बघायची तर आमच्याकडे चला, अराद जवळ आहे." त्यांनीच गाडीने नेलं. रानातले दगड जसेच्या तसे मातीत रचलेले, कुठेही छिन्नीचा घाव नाही, बाजू सुमारे अडीच मीटर, म्हणजे शास्त्रात सांगितलेले पाच हात. नियमच होता: वेदीच्या दगडाला लोखंड लागता कामा नये. शलमोन राजाच्या मंदिराचं काम चालू असताना तिथे हातोडा, कुऱ्हाड, लोखंडाचं कुठलंच हत्यार वाजलं नाही, असंही लिहिलं आहे. लोखंडाने माणूस मारला जातो, ते क्षमेच्या जागी नको. आयुष्यभर लोखंडावर पोट भरलेल्या मला हा नियम अपमानाचा वाटत नाही. जिथे एका फाळासाठी चांदी मोजावी लागे, जिथे शत्रूचा सेनापती सीसरा याचे नऊशे लोखंडी रथ अंगावर येत, त्या लोकांनी एक जागा तरी लोखंडावाचून ठेवली, याचं मला फार मोल वाटतं.

आता कामाचं. म्युझियम गिवात रामला, संसदेच्या जवळ आहे. शनिवारी जेरुसलेममध्ये बरंच काही बंद असतं तेव्हाही हे उघडं असतं, पण वेळा वारानुसार बदलतात, त्या आधी बघून घ्या. पाट्या हिब्रू, अरबी आणि इंग्रजीत आहेत. मराठी शास्त्र सोबत ठेवा, उतारे तिथेच काढून वाचता येतात. चालणं भरपूर होतं, ज्येष्ठांनी आरामाचे बूट घालावेत. पुरातत्त्व विभागाला अर्धा दिवस द्या आणि गुंडाळ्या त्यानंतर बघा, कारण आधी तिथे गेलात की पाय आणि डोळे दोन्ही थकतात. ग्रुपने जात असाल तर पैसे भरण्याआधी टूरवाल्यांकडून म्युझियमचा वेळ लिहून घ्या. माझ्याकडून पाचपैकी पाच.