प्रेत कुठल्या भाषेतून उचलावं, जर्मन की इंग्रजी?

जर्मन पोलीसकथा मराठीत आणायची आहे आणि टेबलावर दोन प्रती आहेत: मूळ जर्मन आणि तिचा इंग्रजी अनुवाद. जर्मन तुम्हाला बऱ्यापैकी येतं, पण इंग्रजीवरून काम लवकर उरकेल हेही ठाऊक आहे. मग कुठली प्रत समोर ठेवायची? शैली, हक्क, मानधन यांवर पुष्कळ बोललं जातं. मी फक्त प्रेताबद्दल बोलतो. पोलीसकथेत ते सुरुवातीच्या पानांतच येतं, आणि माझा कौल त्याच्यावरच ठरला.

शब्दांची वाण इंग्रजीलाही नाही. 'कॉर्प्स' आहे, सरकारी पत्रांतलं 'रिमेन्स' आहे, शरीररचनेच्या वर्गातलं 'कडॅव्हर' आहे, जनावरासाठी 'कारकस' आहे. पण कथेत दिवसरात्र राबते ती 'बॉडी'. ती जिवंत की मेलेली, हे नुसत्या शब्दावरून कळत नाही. आजूबाजूच्या वाक्यांवरून ताडायचं. आपल्याकडे पोलीस चौकीपासून इस्पितळापर्यंत सगळे 'डेड बॉडी' म्हणतात, त्याला कुणी हसत असेलही. मला त्यात शहाणपण दिसतं.

जर्मनमध्ये 'क्योर्पर' म्हणजे शरीर आणि 'लाइशे' म्हणजे प्रेत. एकट्या क्योर्परला सहसा कुणी मेलेला समजत नाही. मी काम करत होतो त्या कथेत नदीकाठी एक माणूस पडलेला असतो. डॉक्टर त्याच्या मानेला हात लावून उठेपर्यंत लेखिका क्योर्परच म्हणते. पुढच्या वाक्यात लाइशे. आशा नेमकी कुठे संपली, हे तिनं नाम बदलून सांगितलं. पुढे बायको येते, तेव्हा तिच्यासमोर इन्स्पेक्टर 'लाइशे' उच्चारत नाही, 'तुमचे यजमान' म्हणतो. आणि चर्चमध्ये शवपेटी ठेवतात तिथे तोच देह 'लाइशनाम' होतो. इंग्रजी प्रतीत इन्स्पेक्टरचं बोलणं सोडलं तर सगळीकडे बॉडी, बॉडी, बॉडी.

अनुवादकाचा दोष मी काढणार नाही. 'कॉर्प्स' घालता आलं असतं, पण तो शब्द इंग्रजीत पटकन नाटकी होतो, निदान माझ्या कानाला. माझी चिडचिड वेगळी होती. आपल्याकडे देह, प्रेत, पार्थिव असे तिन्ही शब्द हाताशी आहेत. जर्मनमधून थेट आलो तर ते जवळपास जागच्या जागी बसतात, आणि इंग्रजीतून आलो की तिन्ही वाटेतच गळतात. लाइशनाम म्हणजे दर वेळी पार्थिव असं मात्र समजू नका. पोलिसी कागदांतही तो शब्द येतो, तिथे साधं 'मृतदेह' बरं.

जर्मन पहिल्यापासून इतकी काटेकोर होती, असंही नाही. बायबलच्या जुन्या करारात अश्शूरी सैन्याची छावणी एका रात्रीत मरून पडते, तिथे 1611 च्या इंग्रजी भाषांतरात 'डेड कॉर्प्सेस' आहे आणि सोळाव्या शतकातल्या मार्टिन लूथरच्या जर्मन भाषांतरातही लाइशनामला 'मेलेले' हे विशेषण जोडलेलं आहे. दोन्ही शब्दांना तेव्हा नुसतं 'शरीर' हाही अर्थ होता. पुढे जर्मननं हे भोक बुजवलं. ख्रिस्ताच्या देहाचा सण 'फ्रोनलाइशनाम', एवढ्यात काय तो जुना अर्थ उरला. इंग्रजीनं कॉर्प्सचं भोक बुजवलं आणि सगळा भार पुन्हा बॉडीवर टाकला.

जोडशब्दांत तर इंग्रजी फारच मागे पडते. जर्मनीत कुणीही गेलं की डॉक्टरनं 'लाइशनशाउ' करावी लागते, म्हणजे प्रेताची बाहेरून तपासणी. उघडून पाहणं ते वेगळं, त्याला 'लाइशनओफ्नुंग'. जर्मन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 87 मध्ये दोन्ही स्वतंत्रपणे येतात. इंग्रजीत मात्र दोन्हींचं 'पोस्ट-मॉर्टेम' झालेलं मी पाहिलंय, आणि त्यावरून मराठी करणारा डोळे मिटून 'शवविच्छेदन' लिहून मोकळा होतो. मग दहा मिनिटांत संपलेलं शवविच्छेदन वाचकाच्या पदरी पडतं.

आणि व्हिएन्नाची 'श्योने लाइश' बघा. शब्दशः सुंदर प्रेत, पण तिकडच्या बोलीत 'लाइश' म्हणजे अंत्ययात्रासुद्धा. थाटामाटात निघालेली, चार लोक नाव घेतील अशी. इंग्रजीत प्रेत ठेवलं तर भलतंच होतं, 'फ्युनरल' केलं तर प्रेत नाहीसं होतं. आपल्याकडे 'मयत' आहे! मेलेला माणूसही मयत, आणि 'मयताला गेले होते' यातला विधीही मयतच. तसंच 'लाइशनफ्लेडरर', प्रेताचे खिसे चाचपणारा. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा म्हटलं की काम झालं.

जर्मनचे त्रासही आहेत. 'लाइशे' व्याकरणानं स्त्रीलिंगी, त्यामुळे मिशीवाल्या पुरुषाचं प्रेतही पानभर 'ती' असतं. 'कादावर' दिसलं की इंग्रजीच्या सवयीनं विच्छेदनाचं टेबल डोळ्यांपुढे येतं. जर्मनमध्ये ते बहुधा मेलेलं जनावर. शिवाय 'डी टोटे' म्हणजे मृत स्त्री, 'डेअर टोटे' म्हणजे मृत पुरुष, त्यामुळे लपवाछपवीची पंचाईत होते. अगाथा ख्रिस्तीच्या 1942 च्या 'द बॉडी इन द लायब्ररी' या नावात बाई की पुरुष ते कळत नाही. जर्मन आवृत्तीचं नाव 'डी टोटे इन डेअर बिब्लिओटेक', म्हणजे बाई असल्याचं मुखपृष्ठावरच फुटलं. तिथे गुण इंग्रजीला.

मुदत गळ्याशी आली असेल, किंवा कथा प्रेतापेक्षा पाठलागावर चालणारी असेल, तर इंग्रजी प्रत घ्या. मी नावं ठेवणार नाही. मात्र 'बॉडी' आली की मूळ जर्मनमधली तेवढी ओळ काढून बघा. जर्मन जेमतेम येत असलं तरी एक नाम शोधायला ते पुरतं.